भोंगा वाजला की शटर खाली

ला कार्बायेदा, ३ सप्टेंबर

सेल्सो,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतं सेल्सो. मी निएवेस. तुझी धाकटी बहीण, विसरला नसशील तर. सव्वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस. या बाबतीत तरी आपण दोघं एका आईची लेकरं शोभतो. आजही लिहिलं नसतं. पण अडलं की माणूस नाक मुठीत धरून जातो, तशी आले आहे.

परवा पेपरात फोटो पाहिला. वीज कंपनीची माद्रिदमधली मंडळी एका लांबलचक टेबलाभोवती बसलेली, आणि अगदी कडेला तू. केस गेले, पोट आलं, कान मात्र बाबांचेच. खाली लिहिलं होतं, जुन्या खाणींत वीज साठवायच्या मोठ्या प्रकल्पासाठी जागा ठरवणारी समिती. आता दोनच जागा उरल्या आहेत म्हणे. एक महामार्गालगतचं रिबाल्ता, आणि दुसरी आपली सांता ओलाया खाण.

डोंगरावर एक तळं बांधायचं, खाणीच्या पोटात दुसरं. वारा भरपूर असला की पाणी वर चढवायचं, वीज हवी झाली की खाली सोडायचं. मी पाव भाजणारी बाई, मला यातलं एवढंच कळतं. पण बाकीचं जे कळतं ते तुझ्या टेबलावरच्या लोकांना कळत नसेल म्हणून लिहिते. खाण बंद झाली तरी पंप अजून चालू आहेत. सरकार म्हणतं, प्रकल्प आला नाही तर डिसेंबरअखेर पंप बंद. मग खाली पाणी चढत जाईल आणि सांता ओलाया बुडेल. बुडालेली खाण परत कोणी उघडत नाही. आणि खाण बुडाली की या गावात राहायला कारणच काय उरलं? शाळेत दोन वर्ग एकत्र बसतात. दवाखान्यात डॉक्टर मंगळवारी येतो. माझ्याकडे रोज पाव नेणाऱ्यांत तरुण म्हणावं तर टपालवाला, आणि त्याची बायको त्याला ओविएदो शहरात ओढतेय.

उपकार मागत नाही. खोटं बोल असंही म्हणत नाही. त्या टेबलावर आमची बाजू माहीत असलेला एक तरी माणूस बसलाय, तर त्याने तोंडात मिठाची गुळणी धरू नये, एवढंच.

हे पत्र तुझ्या घरी टाकतेय. पत्ता तुझ्या सासरकडच्या बाईकडून मिळवला, तिच्याशी गोड बोलावं लागलं, तो हिशेब वेगळा. बाबांना यातलं काही माहीत नाही. माहीत झालं तर ऑक्सिजनची नळी उपटून माझ्या अंगावर येतील.

निएवेस


ला कार्बायेदा, २१ ऑक्टोबर

सेल्सो,

उत्तर नाही. ठीक. उत्तर देशील असं वाटलं नव्हतंच, पण टपालवाला आला की मान वर व्हायची ती व्हायचीच. राग त्याचाही येतो, माझ्या मानेचा.

समिती तेरा नोव्हेंबरला येतेय, सकाळी अकराला. आधी नगरभवन, मग खाण, मग बेनिग्नाच्या सिद्रा-घरात, तिच्या सफरचंदाच्या दारूसोबत, जेवण. आपला महापौर एलादिओ याने गावाला नुसतं हलवून सोडलंय. तोच एलादिओ, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून नाक शिंकरायचा तो. चौकातली बाकं रंगवली. पोरांकडून मोठमोठे कापडी फलक लिहून घेतले, ‘सांता ओलाया तयार आहे’. परवा बेनिग्नाने त्याला विचारलं, “एलादिओ, पाहुणे विजेसाठी येतायत की तुझ्या घरी मुलगी बघायला?” तो चिडला नाही. म्हणाला, “बाई, तू फक्त सिद्रा उंचावरून ओत, थेंब सांडू नकोस, आणि त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना त्या दिवशी संपाच्या गोष्टी सांगू देऊ नकोस.”

मी चोरिसो सॉसेज भरलेले पाव करणार आहे, आणि आईची अक्रोडाची गोड करंजी. आईचं प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, हाताला आठवतं.

बाबांचं सांगते. विचारलं नाहीस, तरी सांगते. छातीत चाळीस वर्षांची दगडाची धूळ आहे, ती आता श्वासाला जागा देत नाही. बेकरीच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसलेले असतात. रोज सकाळी मी कॉफी घेऊन गेले की एकच प्रश्न, “पंप चालू आहेत ना?” खिडकीतून घुमघुम ऐकू येत असते, तरी विचारतात. मी म्हणते, चालू आहेत, बाबा. मग कॉफी घेतात. या प्रकल्पाचं त्यांना भारी कौतुक आहे. जन्मभर कोळसा काढला आणि आता म्हणतात, “पाणी तर पाणी. खाली काहीतरी काम चालू राहिलं म्हणजे झालं.”

तुझं नाव काढत नाहीत. आई गेली तेव्हा मी विचारलं होतं, त्याला कळवू का. तेव्हा एकदाच बोलले होते. “कळवायचं कशाला? भोंगा ऐकला की आपला माणूस आपोआप येतो.” माद्रिदपर्यंत कसला खाणीवरचा मयताचा भोंगा ऐकू येतो! तुला दुसरीकडून कळलं, तू हार पाठवलास. तो बाबांनी गोठ्यामागे नेऊन ठेवला आणि शेळीने खाल्ला.

आता तुझ्या मनात येईल की अजून तेच धरून बसलेत. हो, बसलेत. त्या हिवाळ्यात सगळी खाण संपावर होती आणि तू कंपनीच्या गाडीत बसून कामावर गेलास. घरात तान्ही पोर आहे म्हणालास. गावात तान्ही पोरं काय फक्त तुझ्याच घरात होती? तिसऱ्या दिवशी बायका रस्त्यावर उतरल्या आणि फाटकापर्यंत मका पसरला. संपफोड्यांना कोंबड्या म्हणायची ही आपल्या खोऱ्यातली जुनी रीत. आई सगळ्यांत पुढे होती. तुझ्या बुटांपुढे तिने मूठ मोकळी केली आणि म्हणाली, “टिप, बाळा, टिप.” संध्याकाळी तिने तोच मका झाडून, पाखडून आपल्या कोंबड्यांना घातला, आणि पाखडताना रडत होती. हे तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्यासाठी म्हणून सांगत नाहीये, खरं आहे म्हणून सांगतेय.

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्याही मुठीत मका होता. आज तशीच वेळ आली तर परत टाकीन.

पण आता संप नाही आणि खाणही नाही. आता फक्त तेरा तारीख आहे. तू त्या लोकांत बसतोस. दोन शब्द बोल.

निएवेस


ला कार्बायेदा, २२ नोव्हेंबर

सेल्सो,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. ‘त्या दिवशी गावात कोण गेलं?’ खाली सहीसुद्धा धड नाही.

आधी वाटलं, कुणीतरी कळवलं असेल. मग डोक्यात उजेड पडला. कळवलं असतं तर नाव कळवलं असतं. कोणीतरी गेलं हे माहीत आहे पण कोण ते माहीत नाही, असा माणूस एकच असू शकतो. ज्याने आपल्या डोळ्यांनी चौकातली बंद शटरं पाहिली आणि ज्याला त्यांचा अर्थ लागतो, तो. तू आला होतास. समितीच्या दुसऱ्या गाडीत होतास.

बाबा गेले, सेल्सो. तुझे आणि माझे. गाव बंद होतं ते त्यांच्यासाठी.

आता सगळं ऐक. अर्ध्यावर सोडशील तर देवाशपथ माद्रिदला येऊन तुझ्या दारात उभी राहून वाचून दाखवीन.

तेराच्या पहाटेपासून मी खाली भट्टीपाशी होते, पाहुण्यांच्या पावाचा पहिला घाणा काढत होते. नऊला कॉफी घेऊन वर गेले. त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, “पंप चालू आहेत, बाबा.” मग पाहिलं. खुर्चीतच गेले होते, खिडकीकडे तोंड करून.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. श्वास पुरत नव्हता, थांबत थांबत बोलले. “उद्याच्या आत माझं काही झालं तर भोंग्याची घाई करू नका. आधी पाहुण्यांना जेवू घाला. मग वाजवा. मी काही कुठे जात नाही.” आणि हसले. म्हणजे खोकले, पण ते हसणंच होतं.

मी एलादिओला निरोप धाडला. तो अर्धी दाढी केलेला तसाच धावत आला. बाबांच्या पाया पडल्यासारखा खाली बसला आणि मग माझ्याकडे बघत राहिला. विचारायची लाज वाटत होती बिचाऱ्याला. मीच सांगितलं, “बाबांचा शब्द आहे. भोंगा संध्याकाळी.” तो ढसाढसा रडला. म्हणाला, “निएवेस, तुझ्या बाबांचा पुतळा उभारीन.” मी म्हटलं, आधी उरलेली दाढी कर.

पण भोंगा एलादिओच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. तो मार्सेलिनोच्या हातात आहे. तुला आठवत असेल, बाबांबरोबर एकाच पाळीत असायचा, बोकडासारखी दाढी. खाण बंद झाल्यावर कंपनीने सगळं भंगारात काढलं, तेव्हा भोंगा त्याने एकट्याने लढून ठेवून घेतला. तेल घालतो, पुसतो. खाणीत मेला असो की खाणीच्या धुळीने अंथरुणात मेला असो, कामगार गेला की, किंवा त्याच्या घरचं कोणी गेलं की, मार्सेलिनो भोंगा वाजवतो. एलादिओ त्याला समजावायला गेला. नीट सांगितलं, ही आर्सेनियोची, आपल्या बाबांचीच इच्छा आहे, पाहुणे येतायत, गावाचं भलं आहे. मार्सेलिनोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आर्सेनियोचा भोंगा उशिरा? त्याने कधी पाळी चुकवली होती का? भोंगा फक्त संपफोड्याचा वाजत नाही. संध्याकाळपर्यंत गप्प बसलो तर तोवर लोक काय समजतील?”

“अरे, कोणाला कळणारच नाही तो गेलाय हे!” एलादिओ ओरडला.

“मला कळलंय,” मार्सेलिनो म्हणाला, आणि भोंगा वाजवला.

राग कोणाचा करू, सांग. त्या क्षणी मला मार्सेलिनोचा गळा धरावासा वाटला. म्हाताऱ्याच्या डोक्यात खिळा ठोकलाय, तो निघत नाही. माझ्या बाबांचा शेवटचा शब्द त्याने मोडला, आणि का, तर बाबांच्या मानासाठी! पण भोंगा वाजला. एकदा वाजला की काय होतं ते तुला मी सांगायला नको. बेनिग्नाने टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, पेले मांडले होते. एलादिओ तिच्या दारात जाऊन हात जोडून म्हणाला, “दोन तास, बेनिग्ना. फक्त दोन तास उघडं ठेव.” ती शटर ओढता ओढता म्हणाली, “भोंगा वाजलाय, एलादिओ. तुझ्यासाठी वाजेल त्या दिवशीही बंदच ठेवीन, काळजी करू नकोस.” औषधवाला, खाटीक, नगरभवनातली कारकून पोरगी, एकेक दार लागत गेलं. ते फलकही पोरांनी उतरवले. दुखवट्यात रंगीत कापड कसं ठेवायचं?

आणि मी? मीच तर संध्याकाळ म्हणाले होते. भट्टीत पाव होते. तरी भोंगा ऐकला आणि माझा हात शटरकडे गेला. मी त्याला पाठवला नाही, तो गेला.

सगळं गाव खाणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहिलं. भुरभुर पाऊस होता. कोणी छत्री उघडत नाही, ते तुला माहीत आहे. एलादिओही वर आला, चार माणसं तरी खाली न्यावीत म्हणून. एकही जण हलला नाही. फाटकाशी फोन लागत नाही हे आख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, फक्त तुमच्या समितीला नव्हतं. नगरभवनाला कुलूप, फोन बंद, चौकात चिटपाखरू नाही. तुमच्या समितीच्या त्या प्रमुख बाई गाडीतून उतरल्या, बंद दारांचे फोटो काढले, घड्याळ बघितलं. एलादिओ धावत खाली पोचला तेव्हा गाड्या पुलापलीकडे वळत होत्या. काळा टाय, चिखलाचे बूट, हात हलवत पळतोय. मागच्या काचेतून बघितलं असशील तर दिसला असेल.

आणि बेनिग्नाची सून नऊ महिन्यांची पोटुशी म्हणून घरीच होती, तिने माडीवरच्या फटीतून एक गोष्ट पाहिली. दफनाच्या दिवशी ती सगळ्यांना सांगत होती. दुसऱ्या गाडीतून एक टक्कल पडलेला माणूस उतरला. शटरांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग डोक्यावरची टोपी काढली आणि डाव्या छातीशी धरून, मान खाली घालून उभा राहिला. आम्ही म्हटलं, कोण बाई एवढा सभ्य परका माणूस! बायकांना भरून आलं. मलाही आलं. तुझी ही ओळ येईपर्यंत मी त्या परक्या माणसासाठी मनातल्या मनात मेणबत्ती लावत होते.

टोपी काढलीस, सेल्सो. तोंड नाही उघडलंस.

ती बाई शेजारीच उभी होती ना? तिला एवढंच सांगायचं होतं, ‘बाई, इथे कोणीतरी गेलंय, हे लोक दुखवट्यात आहेत, तासभर थांबू या.’ एवढं बोलायला किती श्वास लागतो? बाबांना त्याहून जास्त बोलायला जमलं, आणि त्यांच्याकडे श्वास नव्हता. उजव्या हाताला पाच मिनिटं चालत आला असतास तर फाटकाशी आम्ही सगळे होतो. भोंगा ऐकला की आपला माणूस आपोआप येतो. तू तर दारापर्यंत आला होतास.

पाहुण्यांचे पाव आम्ही दुखवट्याला खाल्ले. टाकवत नाहीत.

आता कामाचं. एलादिओने नंतर फोन करून सगळं सांगितलं. तिकडून कोणी सेक्रेटरी म्हणाली, कळवते. तिला ती थाप वाटली. ऐंशी वर्षांचा निवृत्त म्हातारा गेला म्हणून अख्खं गाव कुलूप लावून जातं, हे माद्रिदला खरं वाटणार नाहीच. ते खरं आहे हे सांगू शकणारा माणूस त्या टेबलावर एकच आहे. निर्णय महिनाअखेर आहे. आठ दिवस आहेत. मला नको लिहूस, माझं सांत्वन नको करूस. तिथे जा आणि बोल.

निएवेस


ला कार्बायेदा, ५ डिसेंबर

सेल्सो,

रिबाल्ता.

काल सांता बार्बराचा दिवस, खाणकामगारांचा सण. प्रार्थना सुटली आणि पायऱ्यांवरच एलादिओच्या फोनवर बातमी आली. त्याने मोठ्याने वाचली. वाचताना एका शब्दावर थांबला, परत वाचला. “‘ला कार्बायेदा येथील स्थानिक समाज प्रकल्पाबाबत उदासीन आढळला.’”

उदासीन! सगळं गाव एका म्हाताऱ्यासाठी पावसात ताटकळत उभं होतं आणि कागदावर आलं उदासीन. कोणी लिहिला तो शब्द? ज्याने लिहिला त्याच्या घरात कोणी मेलं तर शेजारचा टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करणार नाही, असल्या ठिकाणी तो राहतो आणि आम्हाला उदासीन म्हणतो!

मार्सेलिनो पायरीवर बसला तो उठेना. म्हणाला, “माझ्यामुळे झालं.” एलादिओ, ज्याने त्या दिवशी त्याला आख्ख्या खोऱ्यातल्या शिव्या घातल्या होत्या, तो त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “चल, म्हाताऱ्या, ऊठ. थंडी लागेल.” मला त्या दोघांचाही संताप आला आणि दोघांनाही मिठी मारावीशी वाटली, आणि मी यातलं काहीच न करता घरी येऊन पीठ आपटत बसले.

तू बोललास का? की त्या टेबलावरही टोपी छातीशी धरून बसलास?

निएवेस


ला कार्बायेदा, १९ जानेवारी

सेल्सो,

तुझं लांब पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा आणखी रागाने.

तू म्हणतोस, चौकात बोललो असतो तर मी इथला हे उघड झालं असतं. कंपनीत तू ओविएदोचा म्हणून वावरतोस. मग गावाची बाजू घेतो असं वाटलं असतं आणि तुझ्या मताला किंमत राहिली नसती. मग वाटू द्यायचं होतं ना! गावाची बाजू घेणं हे काय चोरी पकडली गेल्यासारखं आहे? रिबाल्ताची बाजू घेणारे त्या टेबलावर उजळ माथ्याने बसले होते की नाही?

तू म्हणतोस, माझं पत्र मिळाल्यावर आठवडाभर रोज ठरवायचास आणि रोज राहून जायचं. आणि शेवटी बोललास. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणालास, “ते उदासीन नव्हते. ते माझ्या वडिलांसाठी थांबले होते.” त्या बाईंनी तुझा हात धरला, सगळ्यांनी खेद व्यक्त केला, आणि सांगितलं की सह्या आदल्याच दिवशी झाल्या.

आदल्या दिवशी. सेल्सो, तुझ्या आयुष्याचं काय करावं मला कळत नाही. संपात सगळे थांबले तेव्हा तुला घाई होती. आणि ज्या एका दिवशी घाई करायची, त्या दिवशी तू थांबलास.

बोललास हे चांगलं केलंस, असं मी म्हणणार नाही. ऐकलं, एवढंच लिहिते.

पुढे विचारलं आहेस, ‘बाबांनी शेवटी माझं नाव काढलं का?’ मला खोटं लिहिता आलं असतं. शेवटी पुटपुटत होते, तुझंच नाव असावं, असं काहीतरी. तू ते जन्मभर उशाशी ठेवलं असतंस. पण नाही काढलं. त्यांनी पंपांचं विचारलं, पाहुण्यांचं विचारलं आणि गेले.

पंप ठरल्याहून आठवडाभर उशिरा, आठ तारखेला बंद झाले. सरकारी माणूस आला, एक कागद दाखवला, खटका खाली केला. मार्सेलिनो, एलादिओ आणि आम्ही दहापाच जण उभे होतो. मला वाटलं होतं काहीतरी मोठा आवाज होईल. काही झालं नाही, घुमघुम थांबली फक्त. आता घरात नदी ऐकू येते. जन्मात पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातून नदी ऐकू येते. बेनिग्नाला तो आवाज आवडला, तिच्या नातवाला त्याने झोप लागते म्हणाली. मला आवडला नाही. सकाळी कॉफी करते आणि सवयीने जिन्याकडे जाते.

टपालवाला एप्रिलमध्ये ओविएदोला चालला. शाळा जूनपर्यंत आहे. एलादिओ अजून कुठे कुठे अर्ज करतोय, आता कोणी म्हणे अळंबी पिकवायला जुने बोगदे बघतंय. परत बाकं रंगवेल तो.

थडग्यावर यायचं विचारतोस. रस्ता काय माझ्या मालकीचा आहे? ये. चौकात कोणी बोलणार नाही. बेनिग्ना सिद्रा देईल पण मानाच्या माणसाला ओततात तसा हात उंच करणार नाही, पेला भरून समोर ठेवेल, त्यावरून काय ते समज. मका कोणी टाकणार नाही, टाकायला बायका उरल्यात कुठे. बाबांच्या शेजारी आई आहे, तिच्यासाठीही काहीतरी आण. हार नको, शेळी अजून आहे.

आणि एक. बाबांना पुरून आलो त्या संध्याकाळी मार्सेलिनो माझ्याकडे आला होता. त्याने आपणहून विषय काढला. म्हणाला, “निएवेस, आत्ताच सांगून ठेवतो, उगाच नंतर वाद नको. तुझा भाऊ गेला तर मी भोंगा वाजवणार नाही. तू पाया पडलीस तरी नाही.” मी म्हटलं, “मी कशाला पडू?” खरंच कशाला पडू? तू गेलास त्या दिवशी खाटीक दुकान उघडं ठेवील, औषधवाला उघडं ठेवील, पोरं चौकात चेंडू खेळतील. ते बरोबरच आहे. तू ते कमावलं आहेस.

पण बेकरी माझी आहे. तिचं शटर माझ्या हातात आहे, मार्सेलिनोच्या नाही. बातमी कळली की मी ते खाली ओढीन. तुला शिव्या घालत ओढीन, भट्टीतले पाव जळले तर जळू देईन, कोणी दार वाजवून पाव मागितला तर आतून सांगेन, आज बंद आहे, माझा भाऊ गेला.

निएवेस